सोलकढीची वीस सेकंदांची जाहिरात घरीच शूट करायची आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा

दुपारची झोप

राम राम मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याकडचा. माझी वयनी गेली सहा वर्षं घरी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करून विकते. भिरंडं (कोकमाची फळं) आमच्याच कुळागरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली. आतापर्यंत तोंडोतोंडी गिऱ्हाईक मिळत गेलं, पण यंदा तिच्या मनात आलंय की पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी सुरू व्हायच्या आधी व्हॉट्सॲप-इन्स्टावर टाकायला एक छोटी जाहिरात हवी. जाहिरात आगळाची, पण दाखवायची सोलकढी, कारण नुसतं आगळ बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही.

हाताशी काय आहे: बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन, मित्राचा ट्रायपॉड, पूर्वेला खिडकी असलेलं स्वयंपाकघर, काळ्या कडप्प्याचा ओटा, आणि मास कॉमचं एक वर्ष करून सोडलेला भाचा. बजेट ३००० रुपये, त्यातले ८०० भाच्याने आधीच 'रेकी'च्या (शूटिंगची जागा आधी बघून येण्याच्या) नावाखाली पेट्रोलला घेतलेत. (रेकी कसली? घर आमचंच आहे.)

भाच्याची पटकथा अशी: सूर्योदय. कुळागर. भिरंडं वेचणारी आजी. धावत येणारी नात. समुद्र. देवळाची दीपमाळ. जुन्या पितळी तांब्यातून वाटीत ओतली जाणारी सोलकढी. सगळे हसतात. बाटली. एकूण २० सेकंद.

कसं करावं? लाईट भाड्याने आणू का?

नुस्तेंखाऊ

शूटिंगला आलेल्यांना जेवण आहे का? असेल तर लाईट मी धरतो. नुस्तें (मासे) काय आहे ते कळवा, त्यावर कुठल्या बाजूने धरायचा ते ठरवतो.

लायटिंगवाला

म्हापशात चौदा वर्षं लग्नाच्या व्हिडिओचं काम केलं, मधूनमधून हॉटेलांची मेन्यू-शूटही केली. सांगतो ते कडू लागेल.

वीस सेकंदांत भाच्याने नऊ शॉट कोंबल्यात. म्हणजे एकेक शॉट जेमतेम दोन सेकंद. समुद्र बघितला म्हणून कुणी आगळ घेत नाही. बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसली पाहिजे: पांढऱ्याशुभ्र रोसात (नारळाच्या दुधात) तो लाल रंग उतरतोय. हा शॉट चार-पाच सेकंद टिकला तर बाकी सगळं त्याच्या आगेमागे सहा-सात शॉटमध्ये बसतं. आधी तो एक शॉट कसा मिळेल ते ठरवा, मग आजी आणि नात.

लाईट भाड्याने आणू नका. खिडकी आहे ना? तिच्यावर बटर पेपर चिकटवा, दोन थर. समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. झालं तुमचं लायटिंग, खर्च शंभर-दीडशे. उजेड पदार्थाच्या मागून किंवा बाजूने यायला हवा. पुढून पडला की कढी नुसती गुलाबी रंगासारखी सपाट दिसते, मागून आला की वाटीच्या कडेला पातळपणा कळतो.

घरातले एलईडी बंद ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. ओतण्याचा स्लो मोशन १२० फ्रेमवर घेणार असाल तर तो दिवसाच्या उजेडातच घ्या, नाहीतर व्हिडिओभर पट्टे सरकताना दिसतील आणि भाचा म्हणेल इफेक्ट आहे.

आणखी एक. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), तिन्ही लॉक करा. आपोआपवर ठेवलंत तर वाटीत लाल रंग वाढला की फोन बिचकतो आणि मागची भिंत हिरवट करतो. लाल रंग फोनला झेपत नाही, पटकन फाटतो. थोडं काळोखंच शूट करा, नंतर उजळता येतं.

मास्तर_डिचोली

लायटिंगवाल्यांशी सहमत, पण एक भर. पुस्तकात सगळीकडे 'उत्तरेची खिडकी घ्या, तिथे थेट ऊन येत नाही' असं लिहिलेलं असतं. ते वर थंडीच्या देशांत राहणाऱ्यांसाठी. आपण सुमारे साडेपंधरा अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी गोळा होते, आणि तिथपासून थेट ऑगस्टपर्यंत तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर मार्चपासूनच उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन शिरतं. म्हणून पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी दहा-साडेदहानंतर, ऊन ओट्यावरून उतरलं की काम सुरू करा. भूगोल शिकवून आता निवृत्त झालो, सवय जात नाही.

सुरंगी

सगळे लाईटवर बोलताय, कढीवर कुणी बोलेल का?

१. पितळी तांब्या!! कल्हई आहे का त्याला? नसेल तर आंबट घातलं की कळकणार. तुम्ही नुसतं दाखवायला घालाल, पण बघणाऱ्या प्रत्येक घरात एक सासू असते आणि तिला ते पहिल्या सेकंदाला दिसतं. जिचं आगळ पितळेत ओतलेलं दिसलं, तिच्याकडून मी तरी घेणार नाही. काचेची बरणी घ्या, नाहीतर चिनी मातीची.

२. सोलकढी उभी राहत नाही. ढवळून ठेवली की पंधरा-वीस मिनिटांत वर पाणी, खाली साका. म्हणजे प्रत्येक टेकच्या आधी ढवळायची. आणि रोस सकाळी काढून दुपारी वापरायचा नाही. मेमधल्या उकाड्यात तो वास मारायला लागतो, गरम दिव्याखाली तर फुटतोच. दोन नारळ जास्तीचे घेऊन ठेवा, पाट्यावर नको, मिक्सरलाच लावा. चित्रात वाटणारा पाटा आणि हातातला पाटा यांत फरक असतो.

३. तो 'लाल रंग उतरतोय' शॉट. निव्वळ आगळ रोसात ओतलं तर जिथे पडेल तिथे रोस कणीदार होतो, नासल्यासारखा दिसतो. आगळात निम्मं पाणी घालून मग ओता. शिवाय आगळात मीठ भरपूर, म्हणून ते जड. सरळ तळाला जातं आणि वर काहीच दिसत नाही. उलटं करून बघा: काचेच्या ग्लासात आधी आगळ, मग चमच्याच्या पाठीवरून हळूच रोस. खाली लाल, वर पांढरं, मधे गुलाबी धूर. मग एकदाच ढवळा. हा प्रकार मी मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात केला होता, तिथे लोक ग्लास विकत मागत होते.

दुपारची झोप

सुरंगीताई, दंडवत. तांब्या बाद. भाचा रुसलाय, त्याने तांब्या चिंचेने घासून ठेवला होता.

सावंतवाडी_लोकल

रातांबे म्हणा हो. भिरंडं काय! आणि कोकमाचा जीआय (भौगोलिक मानांकन) आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

खोल्याची मिरसांग

आला सीमेपलीकडून. आमच्या काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीलाही जीआय आहे, म्हणून मी कुणाच्या फोडणीत शिरतेय का?

लायटिंगवाला

सुरंगी यांचा तिसरा मुद्दा सोन्याचा. तो ग्लास मागून उजेड देऊन घ्या. बाकी जाहिरात नाही केली तरी चालेल.

थंड ग्लासाबद्दल: शहरातले स्टायलिस्ट ग्लासावर ग्लिसरीन आणि पाणी फवारतात, थेंब तासभर हलत नाहीत. आपल्याला मेमध्ये गरज नाही, फ्रिजमधून काढलेला ग्लास दोन मिनिटांत घामेजतो. अडचण उलटी आहे. तुम्ही एसीच्या खोलीतून फोन घेऊन स्वयंपाकघरात आलात की लेन्सच घामेजते आणि पुसून पुसून हात दुखतात. फोन आधी अर्धा तास त्याच खोलीत ठेवा.

पात्राव_ऑफ_पणजी

एवढी उठाठेव कशाला? रंग हवा तर एक थेंब खायचा रंग टाका, रोसाच्या जागी पांढरा डिंक पाण्यात कालवा, ना फुटतो ना बसतो. मुंबईत एका शूटवर मी स्वतः बघितलंय, आईस्क्रीम म्हणून कुस्करलेला बटाटा आणि वर सिरप म्हणून इंजिन ऑईल. जाहिरात म्हणजे जाहिरात.

सुरंगी

आणि बाटली उघडल्यावर गिऱ्हाईकाला जो रंग दिसेल त्याचं काय?

मास्तर_डिचोली

पात्रावांना एक जुनी गोष्ट. १९७०च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. भाज्यांचे तुकडे तळाला बसू नयेत, वर दिसावेत एवढाच हेतू. सूप खरं, भाज्या खऱ्या, तरी तिथल्या सरकारी यंत्रणेने हरकत घेतली, कारण बघणाऱ्याला वाटतं वाटीत भाज्याच भाज्या आहेत. बटाट्याचं आईस्क्रीम तेव्हा चालतं जेव्हा तुम्ही आईस्क्रीम विकत नसून शेजारची बशी विकत असता. जे विकायचं ते खरं हवं.

पात्राव_ऑफ_पणजी

मास्तर, गोटी लागली. माघार.

थंड डोके

लेबल करणाऱ्यांसोबत काम करतो म्हणून दोन ओळी. जाहिरातीत बाटली दिसणार असेल तर लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी नंबर आहे ना ते आधी बघा. आणि वयनीला सांगा, 'पित्तावर रामबाण', 'वजन घटवते', 'साखर ताब्यात' यातलं काहीही बोलायचं नाही, पाटीवरही नाही. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करता येत नाही. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे (कलम ५३). 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' हे शब्दसुद्धा कधी वापरायचे याच्या अटी २०१८च्या नियमांत आहेत. उगाच विशेषणं लावू नका. 'भिरंडं, मीठ, बाकी काही नाही' हे खरं असेल तर तेवढंच पुरे.

दुपारची झोप

बापरे. भाच्याची ओळ होती, 'गोव्याचं अस्सल, शुद्ध, पारंपरिक अमृत, जे पचन सुधारते'. एका वाक्यात सगळे गुन्हे.

नुस्तेंखाऊ

अमृत राहूदे. पण सोलकढी सोबत नुसता भात दाखवणार की तळलेला बांगडा? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. प्राधान्यक्रम चुकतोय.

गोंयकार७७

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: जाहिरात कुठल्या भाषेत? गोव्यात गोव्याच्या माणसाला विकायचं तर कोंकणी.

वाचनवेडा_साखळी

का बुवा? आमच्या घरी तीन पिढ्या मराठी पेपर येतो, आगळ मराठीत सांगितलं तर कळत नाही की काय?

गोंयकार७७

१९८७चा राजभाषा कायदा वाचा.

वाचनवेडा_साखळी

तोच वाचा, पुढच्या ओळीत मराठीही आहे.

संपादक मंडळ

हा धागा सोलकढीचा आहे. भाषेवरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे हवं तेवढं ढवळा.

अबोली

(मी इथे क्वचित लिहिते.) भाषेचा प्रश्न असा सोडवता येईल, बोलूच नका. माझ्या नवऱ्याने त्याच्या काजूच्या दुकानासाठी केलं होतं, नुसते आवाज. काजू फोडण्याचा, भट्टीचा, कागदी पिशवीचा. कढीत चमचा फिरतो तो आवाज, नारळ फुटतो तो, कढीपत्ता तेलात पडतो तो. शेवटी बाटलीवर नाव आणि फोन नंबर, एवढंच लिहिलेलं.

आवाज मात्र चित्राबरोबर घेऊ नका. नंतर, रात्री, वेगळा घ्या. फोन भांड्याच्या अगदी जवळ, भांड्याखाली टॉवेल, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. आणि फ्रिज बंद! फ्रिजची घरघर कानाला कळत नाही, ऐकताना मात्र सगळीकडे तीच. फ्रिज परत चालू करायला विसरतात लोक, म्हणून गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची. निघताना चावी शोधली की आठवतं.

खोल्याची मिरसांग

सोलकढीला फोडणी???

अबोली

आमच्यात देतात.

खोल्याची मिरसांग

आमच्यात नाही देत. लसूण ठेचून घालतो, बस. फोडणी दिली की ती कढी राहत नाही.

सावंतवाडी_लोकल

लसूण!!! (सीमेपलीकडूनच बोलतोय, आत येत नाही.)

सुरंगी

यावर वेगळा धागा हलवायला संपादकांना अकरा नव्हे, एकशेअकरा प्रतिसाद लागतील. झोपसाहेब, वयनी जशी करते तशीच दाखवा आणि गप्प बसा.

लायटिंगवाला

गाणं लावणार असाल तर एक सांगून ठेवतो. जुनं नाट्यगीत किंवा सिनेमाचं गाणं धंद्याच्या जाहिरातीत उचलून लावता येत नाही, हक्क दुसऱ्याचे असतात. इन्स्टावर स्वतःच्या नावाने टाकलेल्या व्हिडिओला जे गाणं चालतं ते धंद्याच्या खात्याला मिळत नाही बऱ्याचदा. अबोलीताईंचा नुसत्या आवाजाचा मार्ग म्हणूनही बरा.

आणि समुद्रावर ड्रोन उडवायचं भाच्याच्या डोक्यात असेल तर काढून टाका. बाहेर शूट करायचं तर परवानगी गोवा सरकारच्या एंटरटेन्मेंट सोसायटीकडून, आणि दाबोळीला नौदलाचा तळ आहे. सोलकढीसाठी तिथे उत्तरं देत बसू नका.

दुपारची झोप

अपडेट. झालं एकदाचं, रविवारी. जाहिरात २३ सेकंदांची झाली. वयनीला आवडली, भाच्याला 'बरी' वाटली. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचं काहीतरी वापरलं.

सकाळी साडेदहाला ऊन ओट्यावरून सरकलं, बटर पेपर लावला, थर्माकोल वयनीच्या धाकट्याने धरला. पहिला शॉट वयनी बरणीतून आगळ गाळते. फडक्यातून ते थेंब थेंब पडतं, इतकं गडद की जवळजवळ काळं दिसतं, आणि खाली काचेच्या वाटीत पडल्यावर लाल होतं. हे मी आयुष्यभर घरात बघितलंय, पण बघितलं नव्हतं.

मग सुरंगीताईंचा ग्लास. पहिल्या टेकला रोस धबकन पडला, सगळं गुलाबी. दुसऱ्याला बरोबर चमच्याच्या पाठीवर आला आणि त्याच वेळी गेटवर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा. आवाज नंतर घालायचा होता म्हणून फरक पडत नव्हता, पण वयनी सवयीने 'चार उंडे (पाव) दे रे' म्हणत बाहेर गेली, हातात चमचा. पाचव्या टेकला जमलं. तो गुलाबी धूर प्रत्यक्षात सहा-सात सेकंद दिसतो, स्लो मोशनमध्ये मन भरेपर्यंत. नारळ चार लागले, दोन नव्हे.

मग स्टीलची वाटी. भाताशेजारी कढीची वाटी, सुंदर फ्रेम. संध्याकाळी लॅपटॉपवर मोठं करून बघितलं तर वाटीच्या पोटात भाचा. लाल टी-शर्ट, अर्धी चड्डी, एक हात कमरेवर. एवढासा, पण पूर्ण. सोमवारी तो शॉट पुन्हा घेतला, काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर. लायटिंगवाले, हे आधी सांगायला हवं होतं.

शेवटी आम्ही बाटली न ठेवता वेगळाच शॉट ठेवला, तो ठरवलेला नव्हता. ढवळून झाल्यावर वयनीने सवयीने दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले, आणि मीठ घ्यायला डब्याकडे हात नेला. भाचा रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता. त्यावर नाव आणि नंबर. बोलणं काही नाही. कुळागर नाही, समुद्र नाही, नात नाही. नात रडली, तिला नवा फ्रॉक घेतला होता.

खर्च: नारळ, बटर पेपर, थर्माकोल, काळं कापड, उंडे, फ्रॉक. पेट्रोलचे ८०० धरून २६००च्या आसपास.

लायटिंगवाला

वाटीतला भाचा :D चूक कबूल. लग्नात स्टीलच्या वाट्या क्वचितच असतात.

सुरंगी

तळहातावर घेऊन चाखणं ठेवलंत हे फार बरं केलंत. त्याच शॉटवर मी दोन बाटल्या मागवतेय. निरोप पाठवला आहे. मीठ कमी नको.

पात्राव_ऑफ_पणजी

बघितली. डिंकाचं मी बोललोच नव्हतो असं समजा.

नुस्तेंखाऊ

सगळं ठीक. जेवणात काय होतं ते सोयीस्करपणे गाळलंत.

दुपारची झोप

बांगडे होते. रात्री आवाज घ्यायचे म्हणून अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे फ्रिज बंद केला आणि गाडीची चावी आत ठेवली. मग सोमवारी सुट्टी निघाली आणि गाडीने कुणी कुठे गेलंच नाही.

नुस्तेंखाऊ

किती होते?

दुपारची झोप

अकरा.